दोन डावे पाय

काष्टीच्या मैदानावर त्या सकाळी सामना नव्हता, तरी बाजाराला लाजवील अशी गर्दी लोटली होती. बायका आरतीची ताटं घेऊन, गडीमाणसं चपला हातात धरून उभी. सगळ्यांच्या माना खाली. पिवळट पडलेल्या गवतात, फुटबॉलच्या गोलखांबाच्या पुढ्यात, दोन भलीमोठी पावलं उमटली होती. गर्द हिरवी. बोटं, टाच, सगळं रेखीव.

पावलांशेजारी दूर्वानंद महाराज पाटावर घोंगडी अंथरून बसले होते. मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली त्यांचा मुक्काम पडून फार दिवस झाले नव्हते, पण देवाला पत्ता तेवढ्यात सापडला होता.

"भक्तहो, ना खत, ना मशागत, केवळ स्पर्श!" महाराज गरजले. "ज्याला शुगर आहे त्यानं हे गवत चावावं. ज्याचे गुडघे धरलेत त्यानं चोळावं. ज्याचं पोरगं नोकरीला लागत नाही त्यानं नुसतं बघावं!"

लोक बघत होते. गर्दीत निम्मे ऊसवाले होते, आणि आदल्याच आठवड्यात उसाला खताची मात्रा देऊन पीक हिरवंगार झाल्याचं कौतुक करत होते. पण उसातलं ज्ञान त्यांनी उसातच ठेवलं होतं.

या मैदानाची देखरेख यशोधराकडे होती. शेतीची पदवी घेऊन ती पुण्यात मैदानांची निगा राखायला शिकली होती. गवत किती उंचीवर कापायचं, पाणी कधी द्यायचं, कुठली जागा खेळापासून विश्रांतीला ठेवायची, हे तीच ठरवायची. तिला विचारल्याशिवाय इथं पातंसुद्धा वाढत नाही, असा तिचा समज होता. तो त्या सकाळी मोडला.

ती गुडघ्यावर बसून पावलं निरखू लागली. टाचेच्या मध्यावर गवत हिरवं नव्हतं, करपलेलं होतं.

"हे जळलंय कशानं?" तिनं विचारलं.

"देव आकाशातून आला, बाई," महाराज म्हणाले. "वेगानं टाच तापली."

गर्दीनं जयजयकार केला. यशोधरानं हसू दाबलं. मैदान पिवळं का पडलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आदिनाथराव यांनी या हंगामात खताला कात्री लावली होती. भुकेल्या गवताला एका जागी खायला मिळालं की ते तिथंच हिरवं होणार. आणि घास जरा जास्त पडला, तर जळणार.

तिनं ते आदिनाथरावांना सांगितलं. ते कानावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, लोकांच्या भावना आहेत. महाराज म्हणतात इथं मंदिर व्हावं. मुलींचे फुटबॉलचे सामने तेवढे पुढं ढकलू. खेळणाऱ्या मुलींचा पाय तर इथं लागूच नये म्हणतात ते."

"मंदिर बांधायला मैदानच हवं?"

"देवानं जागा निवडली. मी कोण?"

मग दुधाचे तांबे रिकामे होऊ लागले. तेल आलं, हळद आली. लोकांच्या फेऱ्यांनी माती दगडासारखी घट्ट झाली. माळीकाम करणारा कचरू हळहळायचा, "मॅडम, देव गेला तरी चालंल, पर गवत मेलं तर पुन्हा उठायचं न्हाई."

मुलींच्या संघाची कप्तान मोनिका पावलांभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहायची. एके दिवशी ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? दोन्ही पायांचे अंगठे एकाच बाजूला हायत. म्हंजी दोन्ही पाय डावेच."

यशोधरानं पाहिलं. खरंच की! इतके दिवस हजार लोकांनी डोकं टेकलं, पण नजर कुणीच टेकवली नव्हती.

मोनिकानं महाराजांनाच विचारलं. महाराज डगमगले नाहीत. "देवाला डावं-उजवं नसतं, बाळ."

त्यावरही जयजयकार झाला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दोन दिवसांनी मोनिकाची आजी रंगुबाई तिथंच प्रदक्षिणा घालताना घेरी येऊन पडली. गवत चावायला लागल्यापासून तिनं शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. यशोधरानं तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. परतताना तिचं हसू पार मावळलं होतं.

रंगुबाई उठून हिंडू लागल्यावर यशोधरा गर्दीसमोर उभी राहिली. "महाराज, देव पुन्हा येईल का? जागा आम्ही सांगू."

"देव हुकुमानं येत नाही! आणि या बाई तर देव मानतच नाहीत."

"मी मानत नाही, हे खरंय. पण मी हुकुमानं आणते. रंगुबाई, जागा दाखवा."

रंगुबाईनं कोपऱ्यातल्या झेंड्याकडं बोट केलं. यशोधरानं झारी उचलली आणि बारीक धारेनं गवतावर काहीतरी गिरवलं. लोकांना नुसतं पाणी दिसलं. महाराजांचा चेहरा मात्र उतरला. मग त्या जागेभोवती दोरी बांधून राखण बसली. "पुढच्या बाजाराच्या दिवशी या," यशोधरा म्हणाली.

बाजार सोडून लोक मैदानावर आले. पिवळ्या गवतात गर्द हिरवी अक्षरं उमटली होती. मोनिकानं मोठ्यानं वाचलं, "यु-रि-या."

मग मागून एक ऊसवाला म्हणाला, "अरारा! आमी उसाला टाकतो तेच की रं हे!" आणि हशा उसळला.

"देवानं आपलं नवं नाव प्रकट केलं..." महाराजांनी सुरुवात केली, पण ते शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत.

रंगुबाई काठी टेकत त्यांच्यापुढं गेली. "उठा, महाराज."

"का, माई?"

"तुमी पाटावरनं कदी उठतच न्हाई. उठा म्हणते ना!"

महाराज उठले. रंगुबाईनं घोंगडी ओढली. पाटाच्या फळीत मध्यावर पाऊल आरपार कोरून काढलेलं होतं. एकच पाऊल, डावं. कचरूनं फळी हिरव्या पावलावर ठेवली. ती तंतोतंत बसली. फळी ठेवायची, युरियाचे दाणे भुरभुरायचे, पाणी शिंपडायचं. टाचेवर मूठ सैल सुटली, तिथं गवत जळलं. उजव्या पायासाठी फळी उलटी करायचं मात्र महाराजांना सुचलं नव्हतं.

"म्हंजी मी युरियाला दूध घातलं व्हय?" रंगुबाई म्हणाली. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

आदिनाथरावांनी पोलिसांना फोन लावला, आणि आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती असं सांगायला सुरुवात केली.

यशोधरा लोकांकडं वळली. "तुमची श्रद्धा तुमच्याजवळ ठेवा, ती मी मागत नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला आमच्यासमोर पुन्हा करून दाखव म्हणा. आणि तो काय टाकतो, कधी टाकतो, हे विचारा. त्याचा राग आला तर येऊ द्या. डॉक्टरांच्या गोळ्या तेवढ्या बंद करू नका. रंगुबाई वाचल्या. सगळेच वाचतील असं नाही."

रंगुबाईनं कनवटीची गोळ्यांची पुडी काढली, मोनिकाकडून पाणी मागितलं आणि सगळ्यांच्या देखत गोळी गिळली.

"आता खेळा गं पोरींनो," ती म्हणाली, आणि पावलांभोवतीची दोरी स्वतःच सोडू लागली.