रोजचे शंभर शब्द

रोशनी पावराला जपानला जायचं होतं आणि तिला अडवणारं कोणी नव्हतं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून तिचा बाप जामसिंग फोनवर म्हणाला, "आम्ही दरसाल मजुरीला गुजरातला जातोच की. तू जरा पुढे जा." रोशनी चार वर्षं धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. जपानात म्हातारे फार, सांभाळायला माणसं कमी, आणि म्हातारे सांभाळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आडवी आली ती फक्त भाषा.

पुण्याचा क्लास लावायचा तर नोकरी सोडावी लागणार. म्हणून तिने मोबाइलवर स्वतःच शिकायला घेतलं आणि तिथे तिला व्हिडिओतला एक कोरीव दाढीवाला गुरू भेटला. "रोज शंभर शब्द," तो म्हणाला, "तीन महिन्यांत जपानी तुमच्या खिशात!" रोशनीने विश्वास ठेवला. चार वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या बाईला कशाचीच भीती वाटत नाही.

त्याने सांगितलेल्या ॲपमध्ये शब्दांचे पत्ते असायचे, पुढे जपानी शब्द, मागे अर्थ. पंधरा दिवस ती हवेत होती. मग जुने शब्द उजळणीला परत यायला लागले, लग्नाला आलेले पाहुणे मुक्कामाला राहावेत तसे. दीड महिन्यात कोपऱ्यात लाल आकडा दिसू लागला. उजळणी बाकी: एक हजार आठशे चाळीस.

तिची खोलीतली जोडीदारीण रत्ना लॅबमध्ये कामाला होती. एका सकाळी ती नाक धरून म्हणाली, "भाकरी जळून कोळसा झाली, तरी तुझं 'वासुरेरु, वासुरेरु' चालूच. अर्थ काय त्याचा?"

"विसरणे."

"हां, ते दिसतंच आहे."

दवाखान्यातही फार काळ निभलं नाही. रोशनीने एका पेशंटचं नाव चार्टवर जपानी लिपीत लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला, आपलंच अक्षर असेल असं समजून खाली सही ठोकली आणि पुढे गेले. मेट्रनच्या नजरेतून मात्र ते सुटलं नाही. "तुला हवापालट पाहिजे," म्हणत तिने रोशनीला महिनाभरासाठी धुळ्यातल्याच देवपुरात एका घरी दिवसाच्या ड्युटीवर पाठवलं.

तिथे तोताराम नाना होते. वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि जिभेचं कधीच न झालेलं. तीस वर्षं त्यांनी आग्रा रोडवरून देशभर ट्रक चालवला होता. आता वॉकर धरून ओट्यापर्यंत चालायचं म्हटलं की ते डोळे मिटून मेल्याचं सोंग करत.

तिसऱ्या दिवशी रोशनीने त्यांच्यासाठी पाण्याचा पेला भरला आणि सवयीने मनात शब्द शोधला. पाणी. सापडेना. पन्नासदा तरी बघितला असेल तो पत्ता. पाणी हातात होतं, हाताला गार लागत होतं, आणि शब्द मात्र नव्हता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

नानांनी एक डोळा उघडला आणि अहिराणीत विचारलं, "पोरी, माले तहान लागनी शे आनि तू पेलामा पाहीसन रडी राहिनी?"

तिने नाक पुसत सगळं सांगितलं. शंभर शब्द, लाल आकडा, जळलेली भाकरी. नाना पाणी प्यायले आणि म्हणाले, "माले पंजाबी येस, तमिळ येस, बंगाली येस. कधी वहीमा लिखं का? पह्यले चहा मांगाले शिकानं, मंग शिव्या. बाकीनं आपोआप येस. चाल, एक शिवी सांग."

"नाना, त्यांच्यात शिव्या फारशा नाहीतच."

"मंग त्या लोके भांडतस कसा?"

रोशनीला हसू आलं. बऱ्याच आठवड्यांनी आलं. तिने दोन शब्द दिले: 'बाका' म्हणजे मूर्ख, 'उरुसाई' म्हणजे गप बस. नानांनी ते मिश्रीसारखे गालात धरून ठेवले. मग तिने हळूच विचारलं, "पाय दुखला तर 'इताई' म्हणाल का?"

दुसऱ्या दिवसापासून वॉकर जपानीत चालू लागला. "युक्कुरी, नाना, सावकाश." "इताई!" "अजून एक पाऊल." "दामे!" म्हणजे चालणार नाही. पाचच शब्द दिवसाला, तेही त्या खोलीत लागतील तेवढेच. 'मिझु' म्हणजे पाणी, हे ती आता विसरणं शक्य नव्हतं, कारण नाना दर दहा मिनिटांनी ते ओरडून मागत. तिला आश्रमशाळा आठवली. सहाव्या वर्षी ती फक्त पावरी बोलत तिथे गेली होती. मराठी तिला कुठल्या वहीने नाही, स्वयंपाकीण चमेलीबाईच्या ओरडण्याने शिकवली होती. सरक, ताट धर, सांडू नको. दिवाळीपर्यंत ती उलट उत्तरं द्यायला लागली होती.

सगळं बरं चाललं होतं. मग एका दुपारी रोशनी औषधं आणायला गेली आणि नवीन नावाचा नानांचा मुलगा दुकानातून जेवायला आला.

"नाना, विम्याचा कागद कुठे ठेवला?"

"उरुसाई."

"काय?"

"उरुसाई, बाका!"

नवीनच्या हातातला घास हातातच राहिला. बापाची वाचा गेली! त्याने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "नाना, जरा हसा." नाना म्हणाले, "दामे." "हात वर करा." नानांनी केले आणि म्हणाले, "इताई." डॉक्टरांचा चेहरा उतरला. "शब्द जुळत नाहीत. मेंदूचा स्कॅन करावा लागेल."

रोशनी परतली तेव्हा नाना स्ट्रेचरवर नवरदेवासारखे पहुडले होते आणि अर्धी गल्ली वरातीला जमली होती. तिने खरं काय ते सांगितलं.

"सिस्टर," नवीन म्हणाला, "तुम्हाला पेशंट सांभाळायला ठेवलं होतं की बिघडवायला?" आणि तिला घरी पाठवून दिलं.

खोलीवर येऊन तिने मोबाइल काढला. लाल आकडा आता दोन हजारांवर गेला होता. मग तिने सगळे पत्ते एकदम पुसून टाकले. कोणी मेलं नाही. पंखा फिरत होता, शेजारचा कुकर शिट्टी देत होता. ती दोन दिवस नुसती झोपली आणि उठून रत्नासाठी न करपलेल्या भाकऱ्या केल्या.

तिसऱ्या दिवशी नवीनच दारात उभा. "चला बाई. नवी सिस्टर काहीही म्हणाली की नाना 'वाकारिमासेन' म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात."

"म्हणजे 'समजत नाही'," रोशनी म्हणाली.

"आणि 'बाका'?"

तिने चपला घालता घालता सांगून टाकलं. "मूर्ख."

नवीनने सुस्कारा सोडला. "मग ते जपानी नाही. आमच्या घरी रोजचंच आहे."

पुढे तिने नेम केला: दिवसाला दहा शब्द, तेही वापरायला मिळतील असे, आणि रविवारी एकही नाही. दाढीवाल्या गुरूला तिने ब्लॉक केलं. जुलैत पुण्याला जपानीची परीक्षा दिली. शब्दांच्या भागात जेमतेम तरली, ऐकण्याच्या भागात मात्र घसघशीत मार्क पडले. जिने नानांची बोळक्या तोंडातली जपानी समजून घेतली, तिला रेकॉर्डिंगमधली स्वच्छ जपानी म्हणजे दूधभात.

सप्टेंबरात एका जपानी वृद्धाश्रमाची मुलाखत झाली, मोबाइलवरच. समोरच्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, एखादे आजोबा चालायला तयारच नसतील तर काय कराल? रोशनीने पाठ केलेलं उत्तर तयार होतं, ते तिने बाजूला ठेवलं. तुटक्या, चुकीच्या, पण न अडखळणाऱ्या जपानीत तिने सांगितलं की आधी त्यांना पोटभर भांडू द्यायचं, मग विचारायचं की भांडून दमलात ना, चला, ओट्यावर बसू.

बाई आधी गोंधळल्या. मग तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही कधीपासून येऊ शकता?"