विमान कोण चालवतंय?

विमान नाकावर आपटलं, पुढचं चाक मोडलं, आणि संध्याकाळच्या आत दोष कोणाचा ते ठरलंसुद्धा. ‘शिकाऊ वैमानिकाने दांडा सोडला. मानवी चूक.’ माणूस ठरवायची वेळ आली की सगळ्यात खालचाच बरा सापडतो!

ती शिकाऊ म्हणजे हँगरमधल्या मेकॅनिकची मुलगी. अहवालावर सही झाली की तिचं शिक्षण बंद. सगळे तिला ‘बडबडी’ म्हणायचे, कारण पुस्तकात लिहिलंय तसं ती प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलून करायची. मुख्य प्रशिक्षकाला, म्हणजे वस्तादांना, त्याचा भारी राग. “तोंड बंद, हात चालू!” हा त्यांचा मंत्र. विमान चालवायचा दांडा शिकाऊकडून घेतानाही बोलत नसत, सोडतानाही नाही.

“वस्ताद शेजारीच होते. त्यांचा हात दांड्यावर आला म्हणून मी सोडला, साहेब,” तिनं चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं.

“आणि मी काय झोपलो होतो?” वस्ताद हसले. “बावीस वर्षं उडवतोय मी!”

“मग हँगरमधल्या दुसऱ्या विमानात बसू,” ती म्हणाली. “तेच लँडिंग करून दाखवू, जमिनीवरच.”

“चल, हौस फेडून घे.”

वस्ताद तिच्या शेजारी बसले, अधिकारी मागे. दोघांपुढे एकेक दांडा. एक हलला की दुसराही हलतो. बाप पंखाखाली पाना धरून उभा. चार दिवस त्यानं तोंड उघडलं नव्हतं. नोकरीचा प्रश्न होता.

“पन्नास फूट,” ती म्हणाली. “तीस. वीस.”

“तोंड बंद!” वस्ताद सवयीनं खेकसले. “नाक खाली जातंय!” त्यांचा हात आला, दांडा मागे ओढला. तिनं आपला सोडला. नाक सावरलं असं मनाशी धरून वस्तादांनी हात काढला आणि घसरलेला चष्मा वर केला.

“हलू नका!” मागून अधिकारी ओरडला. “हात जिथे आहेत तिथेच ठेवा.”

तिचे हात मांडीवर. वस्तादांचा चष्म्यावर. मध्ये दोन दांडे, बेवारशी.

“आता सांगा, विमान कोण चालवतंय?”

वस्तादांचा हात चटकन दांड्याकडे गेला.

“कोणी नाही, साहेब!” पंखाखालून बाप गरजला. “त्या दिवशीही कोणी नव्हतं!”

अधिकाऱ्यानं अहवालातली ओळ तिथल्या तिथे खोडली. वर लिहिलं, ‘प्रशिक्षकाने न बोलता दांडा घेतला, न बोलता सोडला.’ आणि हुकूम काढला: यापुढे देताना-घेताना मोठ्यानं बोलायचं. न बोलणाऱ्यानं घरी बसायचं.

आठवड्यानं तेच वस्ताद, तीच शिकाऊ, विमान हवेत, समोर धावपट्टी. वस्तादांनी हात काढला आणि पुटपुटले, “दांडा तुझ्याकडे.”

“ऐकू नाही आलं, सर.”

“दांडा तुझ्याकडे, बाई माझे!”

“दांडा माझ्याकडे!” ती अशी ओरडली की रेडिओची गरजच उरली नाही. पन्नास, तीस, वीस, सगळं मोठ्यानं म्हणत तिनं चाकं अलगद टेकवली. वस्तादांचे दोन्ही हात शेवटपर्यंत मांडीवर होते.

हँगरच्या दारात बापानं पाना पत्र्यावर असा बडवला की आत सगळे दचकले.