मुसेंबीचे दहा किलो

आमच्या शाळेच्या कोठारात पोती तोलायचा एक लोखंडी काटा आहे. मुलांच्या दुपारच्या जेवणाचा मका आणि घेवडा आम्ही त्यावर तोलून घेतो. मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी मुसेंबी कोठाराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, मला जरा तोला," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही.

मुसेंबी मोंबासाच्या बंदरातून ट्रकवर कंटेनर उचलतो आणि थेट युगांडाच्या सीमेवर नेऊन सोडतो. आमचे गाव वाटेत लागते. दर गुरुवारी तो इथे थांबतो, कातुंगे म्हातारीच्या हॉटेलात जेवतो आणि पुढे जातो. त्याचे पोट सगळ्या रस्त्याला ठाऊक होते. थांब्यावर तरुण ड्रायव्हर त्याला भेटले की आधी त्या पोटावर थाप मारत आणि विचारत, "काय बॉस, घरचे सगळे बरे ना?" पोट म्हणजे भरवशाची कंपनी, नेमाने मिळणाऱ्या खेपा आणि घरी पोचणारा पैसा, असा आमच्याकडचा हिशेब. सडपातळ ड्रायव्हरला मालक नवी गाडी देत नाही, असेही लोक म्हणत.

काट्यावर एकशे एकतीस किलो भरले.

"कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलंय," मुसेंबी खाली उतरत म्हणाला, "साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय. जुलैअखेर दहा किलो उतरव आणि साखर आवाक्यात आण, नाहीतर गाडीच्या किल्ल्या जमा कर."

"मग थांब्यावरच्या दवाखान्यात जा की. तिथं काटा आहे, नर्स आहे."

"त्या निळ्या डब्यात? मास्तर, तुम्हीसुद्धा असं म्हणता? त्या दारात मला कुणी पाहिलं, तर संध्याकाळच्या आत नैरोबीला बातमी पोचेल."

तो म्हणत होता ते खरे होते. आमचा दवाखाना एका जुन्या कंटेनरमध्ये आहे. तो सुरू झाला एड्सच्या तपासणीसाठी. आता तिथे साखर, रक्तदाब, डोळे, सगळे तपासतात. पण लोकांच्या मनात ते दार अजून त्या एकाच रोगाचे आहे. पूर्वी या रस्त्यावरचे कितीतरी ड्रायव्हर डोळ्यांदेखत वाळत गेले. एका वर्षी माझ्या वर्गात चाळीस मुले होती आणि त्यांतल्या अकरा जणांना बाप नव्हता. तेव्हापासून इथे माणूस वाळला की लोक एकच अर्थ काढतात.

मी मुसेंबीला दर गुरुवारी यायला सांगितले. कुणाला कळू द्यायचे नाही, असे ठरले.

त्याने मनापासून सुरुवात केली. सोडा बंद, चहात साखर नाही, मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा निम्मा आणि पालेभाजी दुप्पट. ट्रकचे वजन करायच्या नाक्यावर तासन्‌तास रांग लागते. इतर ड्रायव्हर तेव्हा झोप काढत. हा आपल्या ट्रकभोवती वीस वीस फेऱ्या मारी. टायर बसलाय का, असे लोक विचारत. हो, म्हणून तो पुढची फेरी सुरू करी.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. पाचवीच्या वर्गाला वजाबाकी शिकवायला मला रोज नवी उदाहरणे लागतात. मी फळ्यावर लिहिले, 'एका पोत्यात १३१ किलो मका होता. आठवड्याने १३० किलो उरला. किती कमी झाला?' पुढच्या आठवड्यात पुढचा आकडा. मुले उत्साहाने गणित सोडवत. एकदा कातुंगेची नात म्बुला म्हणाली, "मास्तर, पोतं नव्वद किलोचं असतं. एवढं मोठं कुठं मिळतं?" सगळा वर्ग तोंड दाबून हसला. मुले मोठ्या पोत्याला हसतात, असे मला वाटले. कोठाराच्या खिडकीची एक फळी निसटली होती, हे मला फार उशिरा कळले.

सातव्या आठवड्यात काटा एकशे तेवीसवर आला. मी खूश झालो. मुसेंबी खूश नव्हता.

"काल ओडेरा भेटला," तो म्हणाला. ओडेरा त्याच रस्त्यावरचा ड्रायव्हर, तोंडाने फटकळ. "पोटावर थाप मारायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. म्हणाला, बॉस, गोळ्या वेळेवर घेतोस ना? कातुंगे मायनं तर माझा कप वेगळा केलाय. हिरव्या काठाचा. मागच्या गुरुवारी मला वाटलं, चुकून दिला असेल. आज पण तोच."

"तिला डॉक्टरचा कागद दाखव."

"कागद दाखवणारा माणूस लपवतोय, असंच म्हणतील."

पुढच्या गुरुवारी काटा हलला नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो एकशे पंचवीसवर गेला. मुसेंबी माझ्याकडे न बघता उतरला, शर्ट ओढून सरळ केला आणि निघून गेला. तीन आठवडे उरले होते.

मी आकडा फळ्यावर लिहिला, कारण वर्ग वाट बघत होता. म्बुलाने हात वर केला.

"मास्तर, हे गणित चुकलंय."

"का? वाढ झाली तर बेरीज करायची."

"तसं नाही. मधे आठ किलो गेले होते ना? मग पोट तेवढंच कसं? शर्टाचं बटण तसंच ताणलेलं होतं. आणि चालताना पोट डावीकडे सरकतं."

वर्गात कुणी हसले नाही. सगळ्यांना सगळे माहीत होते. मी खडू खाली ठेवला. चाळीस वर्षे शिकवून माणूस इतका भोळा राहू शकतो, हे मला त्या दिवशी समजले.

"मास्तर, आजी म्हणते त्याला तो रोग आहे," म्बुला हळूच म्हणाली. "मी तिला सांगितलं, तो आमची वजाबाकी आहे. ती म्हणाली, शाळेत काय वाटेल ते शिकवतात."

मी वर्गाला वाचन दिले आणि हॉटेलकडे निघालो. मुसेंबी कोपऱ्यातल्या बाकावर होता. समोर अख्खा उगालीचा गोळा, भाजलेले मांस, सोड्याची बाटली आणि हिरव्या काठाचा कप. शेजारच्या बाकावर ओडेरा आणि आणखी चार-पाच ड्रायव्हर. मी त्याच्याजवळ बसलो.

"पोटाला काय बांधलंयस?" मी हलक्या आवाजात विचारले.

"बायकोची गुंडाळायची दोन कापडं आणि एक स्वेटर. त्या एकशे पंचविसात एक किलो त्यांचा आहे, मास्तर. पण गालाला काय बांधू? गाल भरायचे तर खावंच लागतं."

"आणि किल्ल्या?"

"वीस वर्षं चालवतोय. किल्ल्या गेल्या तर मी कोण? आणि लोकांनी तोंड फिरवलं तर गाडीत बसून तरी काय करू?"

"लोकांना माहीत नाही म्हणून ते फिरवतात. माझ्या पाचवीच्या वर्गाला माहीत आहे. खिडकीतून बघत होती सगळी. चूक माझी." मी त्याला फळ्यावरचे आकडे, म्बुलाची शंका, सगळे सांगितले.

तो चिडेल असे वाटले होते. तो हसायला लागला, आणि मग उभा राहून त्याने शर्टाची बटणे सोडली.

"काय करतोयस रे?" कातुंगे चुलीपासून ओरडली. "हे हॉटेल आहे, आंघोळीची जागा नाही!"

मुसेंबीने स्वेटर काढला. मग एक कापड उलगडत गेले, मग दुसरे. आतले पोट अजून चांगले मोठे होते, फक्त पूर्वीइतके नव्हते.

"साखर वाढलीय मला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "डॉक्टरनं दहा किलो उतरवायला सांगितलेत, नाहीतर गाडी जाईल. आठ उतरवले होते. तुमच्या तोंडाला भिऊन परत खायला लागलो. खोटं वाटत असेल तर मास्तरांच्या पोरांना विचारा, त्यांच्या वह्यांत लिहिलंय."

ओडेराने कापडांकडे पाहिले. "म्हणजे बॉस, नाक्यावर टायर बसला नव्हता?"

"नाही."

"मग मला का नाही सांगितलंस? माझीही साखर वाढलीय. मीही त्या डब्यात जात नाही."

कुणीतरी खोकले. कातुंगे फडक्याला हात पुसत आली. तिने मांसाची थाळी उचलली, उगालीचा गोळा सुरीने अर्धा केला आणि हिरव्या काठाचा कप बदलायला हात नेला. मुसेंबीने कपावर तळवा ठेवला.

"कातुंगे माय, आणि मला तो रोग असताच तर?"

कपाने काही लागत नाही, हे तिला नर्सने कितीदा सांगितले होते. तिने कप त्याच्या हाताखालून सोडवून घेतला, विसळला आणि फळीवर इतर कपांच्या मधोमध ठेवला. मग त्यातच ओडेराला चहा ओतून दिला. ओडेरा क्षणभर कपाकडे बघत राहिला आणि प्यायला.

जुलैअखेर मुसेंबीचे वजन एकशे साडेएकवीस भरले. अर्धा किलो राहिला. साखर मात्र आवाक्यात आली होती, म्हणून डॉक्टरने वर्षाचा नाही, पण सहा महिन्यांचा गाडी चालवायचा दाखला दिला. आता तो निळ्या डब्यात वजन करतो आणि आकडा चिठ्ठीवर लिहून ओडेराच्या हाती शाळेत पाठवतो. चिठ्ठीत ओडेराचाही आकडा असतो. वर्गाला दोन उदाहरणे मिळतात.