माझा क्रश

दादा खडीच्या क्रशरवर कामाला, मी विंचूरजवळच्या वायनरीत. तिथेही क्रशरच, पण द्राक्षांचा. द्राक्षांचा टेम्पो शेखर आणायचा.

एका सकाळी माझ्या मोबाइलवर वायनरीतल्या मैत्रिणीचा मेसेज आला, ‘तुझा क्रश आज लवकर आलाय.’ तो दादाने वाचला.

"क्रश म्हंजे काय गं?"

खोटं कशाला बोलू? "मनात भरलेला माणूस," मी सांगितलं. "शेखर."

दादाने मोबाइल परत दिला आणि कामावर गेला. संध्याकाळी मैत्रिणीने रडत फोनवर सांगितलं, दादाने शेखरला रस्त्यात अडवलं, त्याचा उजवा हात दगडावर दाबून धरला आणि वरून घण घातला. डॉक्टर म्हणाले, क्रश इंजुरी. बोटं वाचणार नाहीत.

तेवढ्यात दादा घरी आला, हातपाय धुऊन चुलीपाशी बसला. "भूक लागलीये. चटणी झाली का?"

मी पाट्यावर मिरच्या वाटत होते. चव बघायला त्याने पाट्यावर बोटं टेकवली. मी दोन्ही हातांनी वरवंटा उचलला आणि आपटला.

आई किंचाळली, "अगं, त्याचा हात!"

"हो," मी म्हणाले. "उजवाच."