मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्या

माझी पीएच.डी. त्या वर्षी एका स्टीलच्या डब्यात मावत होती. काचेचे धागे आणि राळ यांच्या बोटभर लांब, पिवळसर पट्ट्या. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, दर आठवड्याला पुसून वजन करायचं, आणि वजन वाढायचं थांबलं की यंत्रावर वाकवून मोडायच्या. समुद्रात राहून होडीचं अंग किती कमजोर होतं, ते त्यावरून समजतं. वजन थांबायला महिनेच्या महिने जातात, आणि तोवर पट्टी सुकता कामा नये.

दिवाळीच्या तोंडावर प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं. माझे गाइड शेषगिरी सर म्हणाले, डबा खालच्या कपाटात ठेव, काही होत नाही. पण मला कुठला धीर! गवंडी डबा लवंडतील, कुणी झाकण उघडं टाकेल, असले विचार. शेवटी डबा मांडीवर घेऊन मी बसनं इंदिरानगरला आले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. सासूबाईंना एवढंच सांगितलं, की माझ्या कामाचं आहे, मिठाच्या पाण्यात भिजत घातलंय.

आई, म्हणजे सासूबाई, मिरजेहून माझ्या मुलीसाठी, शमिकासाठी आल्या होत्या. शमिका नुकती रांगायला लागली होती. तुळशीच्या लग्नाला आई परत जाणार होत्या, कारण तिकडे सासरे, अप्पा, एकटे. तोवर पट्ट्या मोडून व्हायच्या आणि मग मुलीला जवळ ठेवून मी घरीच प्रबंध लिहायचा, असं ठरलं होतं. तसं झालं नाही तर शमिकाला कोण बघणार? नवऱ्याची, उमाकांतची, विमान कारखान्यातली नोकरी, पहाटे बस. परक्या बाईच्या हाती मुलगी सोपवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. म्हणजे काम सोडायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण मनाशी धरलं होतं.

त्या शनिवारी लायब्ररीतून दुपारी घरी आले तर आई गच्चीवर. जुनं धुवट पातळ अंथरलेलं, त्यावर माझ्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या. कोरलेले आकडे बघून अगदी क्रमानं. वर कावळ्यांसाठी मलमलचा तुकडा, चारी कोपऱ्यांना दगड. सावलीत शमिका चमचा चोखत बसलेली.

"कालपासून घातल्यात," आई म्हणाल्या. "पाणी गढूळ झालं होतं गं. म्हटलं, मिठातनं काढून उन्हात घालायचं तुझं राहूनच गेलंय. तुला कुठं सवड? छान कडकडीत झाल्यात बघ."

त्यांचं तरी काय चुकलं? मिरची असो, आवळा असो, कैरी असो, मिठात घातलेलं शेवटी उन्हातच जातं. इथं आल्यापासून त्या मला विचारत होत्या, तुझ्या अभ्यासातलं मला काही करता येईल का. आज त्यांना ते सापडलं होतं. चेहरा इतका खूश, की माझ्या तोंडून "हो" एवढंच निघालं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

कोपऱ्यावरच्या बूथवरून सरांना फोन केला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, घरी नेलेल्या वस्तूला घरचं ऊन लागणारच. फेकू नकोस, भिजून वाळलेल्या पट्टीत ताकद किती परत येते ते तरी बघू. पण मूळ कामाला नव्या पट्ट्या लागतील. मुदतवाढीचं मी बोलतो, पुढचा उन्हाळा धरून चल.

पुढचा उन्हाळा. मी घरी येऊन कणीक मळायला घेतली.

रात्री जेवताना उमाकांतनं आईंना सगळं समजावून सांगितलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, नको म्हणून, पण तो इंजिनिअर, त्यानं पाणी कसं आत शिरतं इथपासून सुरुवात केली. आईंनी हातातला घास ताटात ठेवला.

सकाळी उठले तर त्या नेसून, शमिकाला टोपडं घालून दारात उभ्या.

"ते बोलायचं दुकान कुठंय? मिरजेला लाव."

बूथच्या काचेआड आई, कडेवर शमिका. त्यांचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत येत होता. "हे बघा, सुनेचं भिजत घातलेलं मी वाळवून ठेवलंय. ते नवीन तयार होईपर्यंत मी येत नाही... काय ते? तुम्हाला नाही कळायचं. मलाच कळलं नाही." बूथवाला गालात हसत होता. तो कानडी, त्याला मराठी येत नव्हतं, तरी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, अप्पा काय म्हणाले.

"तुळशीचं लग्न कोण लावणार म्हणे. म्हटलं, तुम्हीच लावा, दोन्हीकडून उभे राहा."

मी म्हटलं, आई, भरपाई म्हणून राहू नका, वाळवलंत त्याचं मला काही वाटत नाही. हे अर्धंच खरं होतं. त्या थांबल्या.

"भरपाई कसली? रोज बघते मी, तू दारातनं चारदा मागं येतेस. असं मागं-मागं बघत घरी बसून तू लिहिणार होतीस? तुला सोडून जायचं कसं, याच विचारात मी होते. आता कारण मिळालं."

सगळ्या घरावर डोळा ठेवणारी मी, आणि माझ्यावर कुणाचा तरी डोळा होता, हेच कधी दिसलं नव्हतं. शमिकाला घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी दिली नाही.

"राहू दे. सोमवारपासून नव्या करायला घे."

सोमवारी मी प्रयोगशाळेत गेले.