आठवी पाळी

दुर्गाबाईंनी विहिरीच्या चाकावरून खुशालरावांच्या मोटेचा नाडा उतरवला, त्या दोराचं नीट वेटोळं करून ते बैलांच्या उतरत्या धावेच्या कडेला ठेवलं आणि आपला नाडा चढवला. नुकतं कुठे फटफटलं होतं. बैल सवयीनं मागे सरत धाव चढले, मोट खाली गेली, आणि ती पाण्याला लागल्याचा आवाज यायला नेहमीपेक्षा उशीर लागला. त्यांनी वाकून पाहिलं. आठ दिवसांत पाणी चांगलं पुरुषभर खाली गेलं होतं.

हे आठ दिवस त्या माहेरी, अंजनगावला, लग्नाला गेल्या होत्या. तेवढ्यात थोरल्या दिरांनी, खुशालरावांनी, डाव साधला होता. अमरावतीबाहेरचा हा मळा तिघा भावांत वाटलेला, पण विहीर मात्र एकच. सासऱ्यांच्या वेळेपासूनची पाळी तीस वर्षं चालत आलेली. रोजची सकाळ दुर्गाबाईंच्या भाजीला, दिवसाआड दुपार धाकट्या नत्थुजींच्या मोगऱ्याला आणि चार दिवसांतून एक दुपार खुशालरावांच्या संत्र्यांना. संत्र्याचं मूळ खोल, ते वाट पाहू शकतं. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, आणि पालकाला वैशाखात एक दिवसही कळ काढता येत नाही. चार दिवसांच्या सकाळ-दुपार मिळून आठ पाळ्या होत. सात वाटलेल्या, आठवी कोणाचीच नाही. त्या दुपारी विहिरीत नुसते झरे वाहायचे.

यंदा खुशालरावांनी दोनशे नवी कलमं लावली आणि अक्षय तृतीयेला जाहीर करून टाकलं की यापुढे सगळ्या सकाळी संत्र्यांच्या. नत्थुजींच्या दुपारी होत्या तशाच राहिल्या, म्हणून ते काही बोलले नाहीत. उरलेल्या दुपारी दुर्गाबाईंना, आठवीसुद्धा, वर बक्षीस म्हणून. तापल्या जमिनीवर दुपारचं पाणी, तेही दिवसाआड! पालकानं मान टाकली होती आणि सांभार पिवळा पडला होता. इतवाऱ्याच्या बाजारात न्यायला मूठभर जुडी निघेना.

दहा-बारा मोटा झाल्या असतील, तोच खुशालराव आले.

"हे काय चाललं?"

भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलायची घरात चाल नव्हती. नवरा होता तेव्हा तो मध्ये असायचा. तो गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दुर्गाबाई अशा वेळी बैलाशी बोलत.

"काय रे पवळ्या, लोकाईले दिसत नाई का? पानी देऊन राह्यलो आपन."

"पाळी बदलली. नत्थूसमोर बदलली."

"आयकलं का पवळ्या? आपन तिकडे बुंदी खाऊन राह्यलो होतो, अन् इकडे आपली सकाळ गेली."

नत्थुजी पलीकडे मोगरा तोडत होते. त्यांना हसू आलं ते त्यांनी टोपलीत लपवलं. खुशालरावांना मात्र ते दिसलं.

"पाळी बाबांनी लावली होती. बाबा गेले. आता मोठा मी आहो. अन् एकट्या बाईमानसाले लागते कितीक? नाई पुरलं तं अंजनगाव आहे." ते परत फिरले, मग थांबले. "आजचं राहू द्या. उद्या चाकावर हा नाडा दिसला तं कापून टाकीन."

दुर्गाबाईंनी बैल हाकले. त्या घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगायचं! या मातीत बावीस वर्षं घातल्यावर आपल्याला माहेरची वाट दाखवली जाते, याचा संतापही तेवढाच आला होता.

त्यांच्यासोबत अंजनगावहून भाचा आला होता. सहदेव अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा चिखलदऱ्याला लिलाव झाला, त्यात त्यानं पितळी दुर्बीण घेतली होती, आणि तेव्हापासून घरचे त्याच्या लग्नाची काळजी करू लागले होते. शनिवारी अमरावतीला त्याचं व्याख्यान होतं, 'ग्रहमाला कशी जन्मली' या विषयावर. जेवणं झाल्यावर त्यानं अंगणात दुर्बिणीची तिकटी मांडली. पूर्वेला गुरू चांगला वर आला होता.

"पाहा आत्या. मधात मोठा ठिपका, बाजूले बारके. ते त्याचे चंद्र."

दुर्गाबाईंनी एक डोळा मिटला. बराच वेळ काही दिसलं नाही, मग एकदम दिसलं.

"हे असेच होते का पयलेपासून?"

"नाई ना. गुरू नवा होता तवा त्याच्याभोवती नुसता गरगरता धुराळा असन. त्याचे गोळे झाले. गोळे एकमेकांवर आपटले, मोठ्यानं लहान गिळले, काही पार बाहेर भिरकावल्या गेले. सूर्याभोवती ग्रहाईचंही तसंच झालं असन, असं मले वाटते. विद्वानाईचे अजून वाद आहेत. कोनी म्हणते ढग आकसला, कोनी म्हणते दुसरा तारा जवळून गेला अन् त्यानं सूर्यातून ओढून काढलं." सहदेव आता व्याख्यानातच शिरला होता. "पन गंमत पुढंच आहे. गुरूचे जे चंद्र टिकले, त्याईनं पाळी धरली. आतला चंद्र चार फेऱ्या मारते, तेवढ्यात दुसरा बरोबर दोन, अन् तिसरा एक."

दुर्गाबाईंनी डोळा काढला.

"चार, दोन, एक?"

"हो."

"सकाळ, मोगरा, संत्रा."

सहदेवला कळलं नाही. त्यांनी त्याला विहिरीची पाळी बोटांवर मोजून दाखवली. तो हसायला लागला.

"अन् आत्या, ते तिघं एका वक्ती एकाच बाजूले कधी येत नाईत. दोघं येतात, पन तिसरा तवा भलतीकडेच असते. हे लोकाईले कसं समजावू, तेच कळून नाई राह्यलं."

"त्यात समजवाचं काय? तिघं एका टायमाले काठावर आले तं भांडनच होईन." मग त्यांनी विचारलं, "ही पाळी लावून कोनं देल्ली त्याईले?"

"कोनीच नाई. एका फ्रेंच गणित्यानं दीडशे वर्साआदी हिशेब करून दाखवला. सुरुवातीले तंतोतंत असाची गरज नव्हती, जवळपास असले तरी पुरे. मंग एकमेकाच्या ओढीनं पाळी पक्की होत जाते. एखादा जरा पुढं सरकला, का बाकीचे त्याले मागं ओढतात."

"म्हंजे लावनारा गेला म्हून पाळी जात नाई."

हे त्या स्वतःशीच बोलल्या. सहदेव दुर्बिणीचा स्क्रू फिरवत राहिला.

"अन् एखाद्यानं ओढनंच सोडलं तं?"

"सोडताच येत नाई त्याले. वजन आहे तोवर ओढ आहे."

"भिरकावल्या गेले त्याईचं काय?"

"ते आता दिसत नाईत, आत्या."

दुर्गाबाई ओट्यावर जाऊन बसल्या. सहदेवनं सकाळचा प्रकार ऐकला होता. अमरावतीत ओळखीचे वकील आहेत, असं तो चाचरत म्हणाला.

"कोर्टाले दोन वर्सं लागतीन. सांभाराले दोन दिवस आहेत."

"मंग?"

"मंग काही नाई. माहं वजन आहे अजून."

व्याख्यानात विहिरीची गोष्ट सांगितली तर चालेल का, असं त्यानं निजायच्या आधी विचारलं.

"सांग ना. पन दुर्गाबाईची पाळी म्हून सांग. नाव गिळू नको."

दुसऱ्या दिवशी खुशालराव विळा घेऊनच आले. चाकावर नाडा होता, मोट खाली होती. त्यांनी वाट पाहिली, बहुधा विनवणीची. दुर्गाबाईंनी पदर नीट केला आणि बैलाकडे न बघता सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"कापा भाऊजी."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोललेले हे दोन शब्द. खुशालराव इतके चपापले की विळा आधी हवेतच राहिला. पण पलीकडे नत्थुजी बघत होते आणि आता माघार घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तीन घावांत नाडा तुटला. मोट भिंतीवर आपटत तळाला गेली.

दुर्गाबाई घरी गेल्या आणि दोन घागरी घेऊन आल्या. खुशालरावांची मोट वर-खाली होत होती, तिचं पाणी अंगावर उडत होतं आणि त्या विहिरीच्या पायऱ्या उतरत-चढत होत्या. एकेक वाफा, एकेक घागर. सहदेव मदतीला आला तर त्याला म्हणाल्या, "तू व्याख्यान लिही." ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी घागरी पालथ्या घातल्या.

"दुपार झाली भाऊजी. आजची दुपार तुमची आहे. चालवा आता."

खुशालराव सकाळपासून चालवतच होते. पण या वाक्यानंतरचं पाणी जणू दुर्गाबाईंनी वाढलेलं होतं, आणि ते त्यांना काही केल्या गोड लागेना.

तिसरा दिवसही असाच गेला, सकाळी खुशालरावांची मोट आणि दुर्गाबाईंच्या घागरी. दुपारी नत्थुजींनी बैल जुंपले. तिसरीच मोट अर्धी आली. सहावीत गाळ होता. लग्नसराईचे दिवस, अमरावतीहून मोगऱ्याची मोठी मागणी आलेली, आणि कळ्या तर मोहरीएवढ्याच राहिल्या होत्या.

"भरते रात्रीतून," खुशालराव दुरूनच म्हणाले.

नत्थुजींनी मान हलवली. त्यांची सारी हयात मान हलवण्यात गेली होती. मोटेतला गाळ त्यांनी हातानं काढला आणि तो हात बराच वेळ धोतराला पुसत राहिले.

चौथ्या सकाळी दुर्गाबाई घागरी घेऊन आल्या, तर चाकावर नाडा चढलेला. तो खुशालरावांचा नव्हता. नत्थुजी बैलांपाशी उभे होते आणि जमिनीकडे पाहत होते.

"सकाळ तुमची हाय वयनी. मोट माही वापरा."

खुशालराव आले, त्यांनी दोघांकडे पाहिलं. बाईमाणसाचा नाडा कापणं एक, धाकट्या भावाचा कापणं वेगळं. ते परत गेले. त्या सकाळी पालकाला पोटभर पाणी मिळालं.

दुपारी दुर्गाबाईंनी बैल सोडले. नत्थुजी म्हणाले, "राहू द्या ना जुंपलेले. आजची दुपार कोनाचीच नाई. तीन दिवसाची तहान हाय तुमच्या भाजीले."

दुर्गाबाईंनी वाफ्यांकडे पाहिलं. सांभाराच्या कडा अजून पिवळ्याच होत्या. मनात आलं, घ्यावं आजच्यापुरतं, कोण विचारतं! मग त्या उठल्या आणि त्यांनी नाडा चाकावरून काढून घेतला.

तेवढ्यात खुशालराव बैलजोडी घेऊन धावेवर आले.

"ही दुपार मी तुमाले देल्ली होती. तुमी घेत नाई, तं मी घेतो."

"ही तुमची नाई भाऊजी. माहीबी नाई."

त्या धावेच्या ऐन मध्यावर बसल्या. उन्हानं माती पोळत होती. थोड्या वेळानं नत्थुजी आले आणि त्यांच्यापासून हातभर अंतर सोडून बसले. थोरल्या भावाकडे बघायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.

"दादा, बैल सोड," ते मातीला म्हणाले.

खुशालराव उभे राहिले. बैल शेपट्या हलवत होते. मग ते काठाशी गेले आणि खाली पाहू लागले. गाळ बसत होता. एका बाजूचा झरा दगडावरून उतरताना बारीक वाजत होता. तळाला पडलेल्या मोटेचं तोंड अजून पाण्याबाहेर होतं.

"उद्याची दुपार नत्थूची. परवाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"परवा मी अकोल्याले जातो, कलमाईच्या कामाले." ते जरा थांबले. "माही पाळी तुमीच घेऊन टाका. भाजीले कामी येईन."

नत्थुजींचा चेहरा उजळला. भावाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मिटलंच, असं त्यांना वाटलं. दुर्गाबाईंनाही क्षणभर वाटलं. पण देणाऱ्याचा हात वर असतो, आणि तो हात एकदा वर राहिला की उद्या त्यालाच काढूनही घेता येतं. शिवाय हा माणूस पाळीतून सुटून गेला, तर मग भांडायचं कोणाशी आणि ओढायचं कोणाला?

"नाई भाऊजी. तुमची पाळी तुमी चालवाची. नाई आले तं चाक रिकामं राहीन. पन माहा नाडा त्याच्यावर चढनार नाई."

खुशालरावांचं तोंड लाल झालं. त्यांनी बैल वळवले आणि वाटेतल्या ढेकळाला लाथ मारून निघून गेले.

"आता काय करतीन?" नत्थुजींनी विचारलं.

"मले काय माईत!"

दोन दिवसांनी सकाळी दुर्गाबाईंनी आपली पाळी पुरी केली आणि नाडा उतरवला. चाक मोकळं झालं. अकोल्याची गाडी साडेदहालाच गेली होती. आपण रस्त्याकडे बघत बसलो असं कोणाला वाटू नये, म्हणून त्या पाठमोऱ्या होऊन सांभार उपटायला बसल्या. ऊन चढलं. बारा वाजून गेले असतील. विहिरीकडे सगळं सामसूम होतं.

मग धावेवर खुशालरावांच्या बैलांचे खूर वाजले. चाक कुरकुरलं आणि मोट पाण्यावर आपटली. दुर्गाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. हातातली जुडी बांधली, टोपलीत ठेवली आणि दुसरी घ्यायला हात पुढे केला.