बाबांचे वाक्य आणि रविवारचा रेडिओ

मित्रांनो, माझ्या छातीवरची जाळी एका कोपऱ्यात चेपली आहे आणि आकड्यांची पट्टी उन्हाने पिवळी पडली आहे. तरीही मी कोण, ते तुम्ही ओळखले असेल. मी रेडिओ आहे. जपानमधल्या ओसाका शहराजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या. त्यांतल्या एकीने माझा पहिला आवाज कान देऊन ऐकला आणि "छान आहे" म्हणून मला पुढे सरकवले. इतक्या थोड्या शब्दांचे कौतुकही मला पुष्कळ वर्षे पुरले.

माझी तरुणपणाची वर्षे उरायासु गावातल्या एका न्हाव्याच्या दुकानात गेली. मी बेसबॉलचे सामने ऐकवायचो आणि माणसे डोळे मिटून दाढी करून घ्यायची. पुढे दुकानात टीव्ही आला. मला जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन ठेवले. तिथून १९९२ सालच्या वसंतात मला एका भारतीय गृहस्थांनी उचलले.

त्यांचे नाव चंद्रशेखर देवस्थळी. ते मूळचे पुण्याचे. टोकियोतल्या एका बँकेत ते कॉम्प्युटरचे काम करायचे आणि उरायासुमध्ये भाड्याच्या घरात राहायचे. घरात त्यांची पत्नी शुभदा आणि पाच वर्षांची मुलगी नैना होती.

चंद्रशेखर हे हसवणारे गृहस्थ होते. पुण्यात कॉलेजच्या कट्ट्यावर ते बोलायला लागले की दुसऱ्या टोळक्यातली मुलेही उठून यायची, असे शुभदा सांगायची. पण टोकियोच्या ऑफिसात ते निराळेच होते. तिथे जपानी भाषेत विनोद करायला जावे, तर समोरचा गंभीरपणे "हो, खरे आहे" म्हणायचा. हळूहळू ते मीटिंगमध्ये नुसती मान हलवू लागले. ऑफिसातले लोक म्हणायचे, "चंद्रा-सान फार शांत स्वभावाचे आहेत." हे त्यांनी एकदा घरी सांगितले, तेव्हा शुभदाला हसू आले आणि मग एकदम वाईट वाटले.

एका रविवारी सकाळी माझे बटण फिरवता फिरवता त्यांना वॉल्ट हॅनलन सापडला.

टोकियोजवळ अमेरिकन सैनिकांसाठी एक इंग्रजी रेडिओ केंद्र होते. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असताना वॉल्ट बोलायचा आणि त्याच वेळी इकडे आमच्या घरात रविवारचे पोहे व्हायचे. वॉल्ट जुन्या वळणाचा माणूस होता. सरकार लहान असावे, घर मोठे असावे आणि नटांनी नाटक करावे, उपदेश करू नये, असे त्याचे म्हणणे. तो म्हणायचा, "सरकारला एक खुर्ची सरकवायला सांगा. ते आधी खुर्ची-खाते काढेल, मग खुर्चीवर कर बसवेल आणि शेवटी त्या खुर्चीवर मंत्र्याच्या मेहुण्याला बसवेल." हॉलीवूडवर तर त्याचा फारच राग. "हे नट गरिबांबद्दल भाषण करायला खासगी विमानाने येतात. गरिबाला सोबत का आणत नाहीत? विमानात कुत्रा बसलेला असतो."

चंद्रशेखर खदखदून हसायचे. मग तोच विनोद मराठीत करून शुभदाला सांगायचे, आणि मराठीत तो आणखी चांगला व्हायचा. नैनाला सगळे कळायचे नाही, पण बाबा हसले की तीही हसायची. मी त्या घरात नुसती वस्तू राहिलो नव्हतो. जेवणाच्या टेबलावर माझी जागा ठरलेली होती आणि दर शनिवारी नैना ओल्या फडक्याने माझे तोंड पुसायची.

शुभदाला मात्र वॉल्ट पुरता पटला नव्हता. ती एकदा म्हणाली, "अहो, हा सारखा कुणाला तरी हसतो. स्वतःला कधी हसताना ऐकलाय का तुम्ही?"

"तो मोठ्यांना हसतो गं," चंद्रशेखर म्हणाले. "मंत्री, नट, पैसेवाले. लहान माणसाला तो कधी हात लावत नाही. म्हणून तर आवडतो मला."

मित्रांनो, माझाही तसाच विश्वास होता.

१९९५ च्या उन्हाळ्यात वॉल्टने आपल्या श्रोत्यांना एक आवाहन केले. हॉलीवूडचे सिनेमे तुमच्याबद्दल काय खोटे दाखवतात, ते फोन करून सांगा, असे तो म्हणाला. चंद्रशेखर पूर्ण आठवडा विचार करत होते. गाडीत, ऑफिसात, दात घासताना. मग एका संध्याकाळी ते नैनाला समोर बसवून म्हणाले, "ऐक हं. हॉलीवूडच्या सिनेमात भारतीय माणूस एक तर कुणासाठी तरी दार उघडतो, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात मरतो. मी राहतो टोकियोत. इथे दारं आपोआप उघडतात. मला काहीच काम नाही, तरी मी अजून जिवंत आहे."

नैना आता आठ वर्षांची होती आणि जपानी शाळेत जात होती. तिने क्षणभर विचार केला. मग स्टेशनची, दुकानांची, बँकेची सगळी दारे तिच्या डोळ्यांपुढे आली असावीत. ती जमिनीवर लोळून हसली. आठवडाभर ती कुठल्याही दुकानात शिरताना म्हणायची, "बाबा, बघा, तुमचं काम गेलं."

रविवार आला. चंद्रशेखर यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "फोनवर कोण बघणार आहे?" शुभदाने विचारले. ते नुसते हसले. फोन दाराजवळ होता. आधी वॉल्टच्या मदतनीस बाईने फोन घेतला आणि काय सांगणार आहात, ते विचारले. त्यांनी पूर्ण वाक्य सांगितले. मग रिसीव्हरवर हात ठेवून ते आत ओरडले, "शुभदा, ती हसली. म्हणाली, हे फारच छान आहे. थांबा म्हणाली."

शुभदा आणि नैना माझ्यासमोर बसल्या. इतकी वर्षे मी परक्यांचे आवाज ऐकवत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच घरातल्या माणसाचा आवाज सातासमुद्रापार जाऊन माझ्या पोटातून बाहेर येणार होता. मी आलो त्या दिवसापासून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"आता टोकियोहून," वॉल्ट म्हणाला, "चॅन... चॅनड्रा... जाऊ द्या, नाव पूर्ण घ्यायला तेवढा वेळ नाही आपल्याकडे."

"नमस्कार सर. मी तीन वर्षं दर आठवड्याला तुमचा कार्यक्रम ऐकतो."

"तीन वर्षं? आणि तरी असं इंग्रजी?"

स्टुडिओतली माणसे हसली. चंद्रशेखरही थोडे हसले. मग ते बोलू लागले, "सर, हॉलीवूडच्या सिनेमात भारतीय माणूस एक तर दार उघडतो..."

"थांब, थांब," वॉल्ट म्हणाला. "नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात मरतो. आणि टोकियोत तर दारं आपोआप उघडतात. मग हा बिचारा जगतो कशावर? मंडळी, हे मला आत्ता सुचलं हं."

स्टुडिओत हशा उसळला. टाळ्या वाजल्या.

"सर, मी तेच..."

"बघा, दार नाही तर याला शब्दही सापडत नाही. अरे, कुणीतरी याला एक दार द्या रे."

फोन तुटला. लगेच गाद्यांची जाहिरात लागली.

हे सगळे माझ्या तोंडून आले. माझ्या जाळीला भिडून बसलेली नैना हसली. माझ्यातून हशा आला, बाबा हसले की आपणही हसायचे, ही तिची तीन वर्षांची सवय होती. मग तिने दाराकडे पाहिले. चंद्रशेखर रिसीव्हर हातात धरून तसेच उभे होते. तिचे हसू थांबले. ती म्हणाली, "चिगाऊ." म्हणजे, हे असे नाही. "बाबा, ते तर तुमचं होतं ना? त्यानं तुमचं का म्हटलं नाही?"

"थट्टा असते गं ती," चंद्रशेखर म्हणाले. त्यांनी येऊन माझे बटण बंद केले. अगदी हळू बंद केले, कान पिरगळतात तसे नाही. ते मला जास्त लागले.

'मी म्हटले नव्हते का,' असे शुभदा म्हणाली नाही. तिने पोह्यांच्या बशा उचलल्या.

पुढच्या रविवारी माझा आवाज झाला नाही. नैनाने विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, "सेल संपलेत." तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल आणून माझ्यात घातले. बाबा आंघोळीला गेलेले पाहून तिने मला सुरू केले. वॉल्ट तोच विनोद पुन्हा सांगत होता. त्याने त्यात एक नक्कल वाढवली होती, बाबांच्या उच्चारांची. नैनाने मला उशीखाली दाबले. श्वास कोंडावा तसा माझा आवाज कोंडला.

शरदाच्या सुरुवातीला तिने आणखी एकदा मला सुरू केले. त्या दिवशी वॉल्ट श्रोत्यांचा निरोप घेत होता. तो लॉस एंजेलिसला निघाला होता. त्याला टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला होता आणि त्याचा पहिला पाहुणा खासगी विमानातल्या त्या नटांपैकीच एक होता, ज्यांच्या कुत्र्यावर त्याने तीन वर्षे आम्हाला हसवले होते. "तो फार मोठ्या मनाचा माणूस आहे," वॉल्ट म्हणाला. "आणि मंडळी, आपण जे बोललो, ती सगळी गंमत होती. कुणी मनावर घेऊ नये."

मनावर घेऊ नये. या माणसाच्या बाजूने एरवी ऑफिसात शांत असणारे चंद्रशेखर तिथल्या अमेरिकन पाहुण्यांशी भांडले होते. त्याचे शब्द स्वच्छ यावेत म्हणून मी माझी एरियलची काडी ताणून ताणून उभा राहायचो. विश्वास आमच्या दोघांचाही गेला होता, पण आम्ही एकमेकांना ते सांगू शकत नव्हतो. मला पाहिले की त्यांना तो फोन आठवायचा. एके दिवशी त्यांनी मला उचलले आणि भिंतीतल्या पांघरुणांच्या कपाटात, गाद्यांच्या मागे ठेवून दिले.

दिवाळी आली. उरायासुतली मराठी मंडळी नगरपालिकेच्या सभागृहात जमणार होती. कपाटाचे दार सरकले आणि नैनाने मला बाहेर काढले. काय चालले आहे ते मला कळेना. तिने मला रंगमंचावर टेबलावर ठेवले, माझ्यामागे खुर्चीवर उभी राहिली आणि जपानी वळणाच्या मराठीत बोलू लागली.

"मी नैना. हा आमचा रेडिओ आहे. मी आता रेडिओ होते."

तिने ते वाक्य पूर्ण सांगितले. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. रोज त्याच दारांतून जाणारी ती माणसे अशी हसली की मागे चहा ओतणारे लक्ष्मणकाका हातातली किटली खाली ठेवून हसत बसले. हसू ओसरेपर्यंत नैना थांबली. मग म्हणाली, "हे माझ्या बाबांनी केलं आहे. रेडिओवर एका माणसानं ते स्वतःचं म्हणून सांगितलं. ते खोटं आहे. म्हणून मी आज खरं सांगितलं."

चंद्रशेखर सर्वांत मागे, चपलांच्या मांडणीजवळ उभे होते. लक्ष्मणकाका त्यांना म्हणाले, "देवस्थळी, तुम्ही हे आमच्यापासून लपवून ठेवलंत? या की पुढे."

ते आले. आधी घसा खाकरला. मग ऑफिसातल्या मीटिंगांबद्दल, कचरा वेगळा करण्याबद्दल, आपल्या शांत स्वभावाबद्दल बोलू लागले. कुणी मध्ये बोलले नाही. शुभदा पहिल्या रांगेत बसून डोळे पुशीत होती आणि हसतही होती. त्यानंतर दर दिवाळीला चंद्रशेखर बोलले.

आणि मी? त्या दिवशी घरी आल्यावर मला पुन्हा कपाटात ठेवले. माझ्यावर कुणाचा राग नव्हता. आता माझी गरजच उरली नव्हती. नैनाने घातलेले सेल तसेच माझ्या पोटात राहिले. ते फुगले, फुटले आणि त्यांच्या पाण्याने माझ्या तारा खाल्ल्या. चार वर्षांनी घर बदलताना नैनाने मला उघडले, तेव्हा आत हिरवा गंज साठला होता. तिने टाकाऊ सामान उचलून नेण्याच्या दिवशी मला बाहेर ठेवू दिले नाही. पण तिने कितीही पुसले, तरी मला आवाज फुटला नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातला रेडिओ बंद ठेवायचा असेल, तर आधी त्याचे सेल काढा. ही माझी छोटी विनंती. मोठी विनंती अशी की, तुमच्यासमोर कुणी अडखळत, चुकत काही सांगायला लागले, तर त्याचे वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या. तुम्हाला शेवट ठाऊक असला तरी गप्प बसा. त्याने त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो.